पोटातली ओल

मी लाडल बोलतेय. ओतशाळेत भट्टीतलं वितळलेलं लोखंड झेलून साच्यात ओतणारी जाड पत्र्याची मोठी बादली, ती मी. लातूरच्या जुन्या वसाहतीत आता जी बाग आहे, तिच्या फाटकातून आत आलात की डाव्या हाताला मी दिसेन. मला पिवळा रंग दिलाय, पोटात झेंडू लावलाय. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात. काढू द्या. पण माझ्या शेजारी जी पाटी आहे ती खोटी आहे, आणि त्या खोट्यात मीही सामील आहे.

माझा जन्म याच आवारातला. आज जिथे घसरगुंडी आहे तिथे भट्टी होती. उसाच्या चरकाची दातेरी चाकं, हातपंपाची डोकी, नांगराचे फाळ, सगळं माझ्या पोटातून गेलं. पत्र्याला तापलेलं लोखंड सोसत नाही, म्हणून मला आतून चार बोटं जाड मातीचा लेप असायचा. तो लेप नरसिंग द्यायचा. देगलूरकडून कामाला आलेला, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको भामाबाई बाहेर साच्याची वाळू चाळायची.

लोखंड घ्यायच्या आधी नरसिंग मला शेकायचा. पोटात लाकडं पेटवायची, दोन-अडीच तास लेप तापू द्यायचा, मग हाताची पाठ जवळ नेऊन बघायचं. लेपात ओल राहिली आणि वर लोखंड पडलं, तर ओलीची वाफ होते आणि ती वाफ लोखंड उधळून टाकते. त्यानं कधी घाई केली नाही. मी त्याला कधी दगा दिला नाही. त्या एका दिवसापर्यंत.

अडतीस वर्षं झाली. खंडेनवमीला ओतशाळेत भट्टी पेटत नसे. हत्यारं धुवायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. त्या वर्षी मोठं काम मिळालं होतं आणि मालकाला पूजाही तेवढीच मोठी हवी होती. फोरमन ईश्वरप्पांना कल्पना सुचली. तांब्याचा कलश कशाला, लाडलीचाच कलश करू. मला काठोकाठ पाण्यानं भरलं. आंब्याची पानं लावली, वर नारळ ठेवला. सगळ्यांना फार आवडलं.

खरं सांगते, मलाही आवडलं. सगळं आयुष्य आग पोटात घेणाऱ्या बादलीला कुणी देवासारखं मांडलं, तर ती फुगणारच.

नरसिंग बौद्ध. तो पूजेत नसायचा, दारात उभा राहून पेढा घ्यायचा, आणि तोवर कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तो आत आला आणि ईश्वरप्पांना म्हणाला, "अप्पा, कलश करा, पर पाणी नगं. माती पिती."

अप्पा हसून म्हणाले, "उद्या शेक की मग. तुला दुसरं काय काम हाय?"

पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तसंच राहिलं. माती ते पोटभर प्यायली.

दसऱ्याला पहिलं ओतकाम मुहूर्तावर करायचं होतं. पाहुणे फेटे बांधून खुर्च्यांवर बसले होते. नरसिंगनं पहाटेच माझ्या पोटात लाकडं पेटवली होती, पण लेप इतका भिजला होता की नुसती वाफ निघत होती. सव्वाअकराला मुहूर्त टळणार होता. मालक दोनदा घड्याळ दाखवून गेले. ईश्वरप्पांनी वाकून पाहिलं. "कोरडी दिसायली की."

"वरून दिसायली, अप्पा. अजून तासभर द्या."

अप्पांनी मालकाकडं पाहिलं, मालकानं घड्याळाकडं. अप्पा म्हणाले, "घे."

नरसिंगनं मला कलतं करायच्या चाकाला हात घातला. त्याच्या जागी दुसरा कुणी उभा राहिला असता तर बरं, असं मी तेव्हा म्हणाले नाही. आजही म्हणत नाही. मी आत ओल लपवून बसले होते, एवढंच मला माहीत होतं. लोखंड पोटात पडलं आणि मी ते त्याच्या अंगावर फेकलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यानं प्राण सोडला.

चौकशी झाली. चौकशीला आलेल्यांनी चहा घेतला, पण एकानंही माझ्या पोटात हात घालून पाहिलं नाही. पेपरात चार ओळी आल्या, त्यातही नरसिंगचं नाव चुकीचं. ईश्वरप्पांनी जबाब दिला, की लाडल शेकायचं काम नरसिंगचं होतं. वाक्य खरं होतं. उरलेलं सांगितलं नाही. कलशाचा तर उल्लेखच नाही. कामगारांत वेगळंच उठलं, की नरसिंगनं पूजेला हात जोडले नाहीत म्हणून भट्टी कोपली. ज्यानं पाणी नको म्हटलं त्याच्यावर हे आलं, आणि भामाबाई वाळू चाळता चाळता ते ऐकत राहिली. नंतर तिनं काम सोडलं.

पुढं ओतशाळा बंद पडली. वेड्या बाभळीत मी तीस पावसाळे काढले. मग बाग झाली. मला घासलं, रंगवलं आणि शेजारी पाटी लावली: 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या स्फोटातून बचावलेली ऐतिहासिक लाडल.' बचावलेली मी. माणसाचं नावही नाही.

नरसिंगची मुलगी विशाखा आता नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. तिनं ही पाटी वाचली आणि अर्जावर अर्ज केले. कार्यालयानं विचारलं, पुरावा काय? चौकशीचा कागद तर पाटीच्याच बाजूनं बोलतो. नरसिंगनं काय सांगितलं ते ऐकलेल्यांपैकी एकच माणूस उरला होता. ईश्वरप्पा. ऐंशीला टेकलेले. रोज सकाळी बागेत फिरायला येतात आणि माझ्यासमोरच्या बाकावर माझ्याकडं पाठ करून बसतात.

मागच्या आठवड्यात विशाखा आईला घेऊन आली. माळी व्यंकटी माझ्यातली कुजलेली रोपं उपटत होता. "काल पाणीच घातलं न्हाई," तो कुरकुरला. "वरून माती कोरडी ठणठणीत. तरी मुळं सडायलीत कशी?"

बाकावरून पाठमोरे अप्पा सवयीनं बोलून गेले, "लाडल हाय ती. वरून कोरडी दिसती, आत ओल ऱ्हाती."

विशाखा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आपण नरसिंगची मुलगी, हे सांगितलं. मग विचारलं, "हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

अप्पांनी काठीची मूठ चोळली. "तुझ्या बापानं सांगितलं होतं," ते म्हणाले. "दोनदा."

 भामाबाई माझ्यापाशी आली, पाटीसमोर उभी राहिली. तिला वाचता येत नाही. "पोरी, त्यो शबुद कोणता हाय?"

विशाखानं बोट ठेवलं. भामाबाईनं माझ्या पोटात हात घातला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ती ओल शोधायला हात घातला. खालचा चिखल मूठभर काढला आणि 'निष्काळजीपणामुळे' या शब्दावर थापला.

अप्पांनी दुसऱ्याच दिवशी जबाब लिहून दिला. कार्यालय म्हणतं, विचार चालू आहे. विचाराला किती वर्षं लागतात हे मला चांगलं माहीत आहे.

चिखल वाळतो, पोपडा होऊन पडतो. व्यंकटीला पाटी धुवायचा हुकूम आहे, पण तो तिच्याकडं फडकं नेत नाही. अप्पा आता माझ्याकडं तोंड करून बसतात. रोज सकाळी काठी बाकाला टेकवतात, हात माझ्या पोटात घालतात आणि पडलेल्या जागी नवा चिखल लावतात.

तुम्ही बागेत आलात तर तो खरवडून खाली काय आहे ते वाचू नका. पडलेला दिसला तर माझ्या पोटात हात घाला. ज्या ओलीनं नरसिंगला मारलं, ती त्याच्या नावाची पाटी येईपर्यंत मी सांभाळून ठेवणार आहे.