झाकणावरचं अक्षर

नातीने तिसरा घोट तोंडात धरला, क्षणभर घोळवला आणि तपासनिसाच्या धुतलेल्या शर्टावर थुंकला. मग ओठ घट्ट मिटून ती त्याच्याकडे बघत बसली, चूक झाली असेल तर ती तुमचीच, अशा चेहऱ्याने.

"तुमचीच नात," बायको फडकं घेऊन आली. "चव घ्यायची आणि थुंकायचं. दुसरं काय शिकणार?"

तो दूध संकलन केंद्रावर तपासनीस होता. एकतीस वर्षं लोकांचे कॅन उघडून त्यांत लॅक्टोमीटर सोडत होता, पळीभर दूध तोंडात घेऊन मोरीत थुंकत होता. पाणी घातलेलं, पावडर घातलेलं, कालचं, आजचं, सगळं त्याला जिभेवर कळायचं. मिसळलेलं दूध त्याने कधी पुढे जाऊ दिलं नाही. एकदा सख्ख्या मेव्हण्याचा कॅन सगळ्यांदेखत मोरीत ओतला होता, आणि बायको पुढची दोन वर्षं माहेरी मान खाली घालून वावरली होती. माणूस चांगला, पण इतका सरळ की वाकायचं कुठे हेच त्याला उमगत नसे.

नात वर्षाची झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं, "आता पावडरचं बंद करायचं आबा, गाईचं सुरू करा. पण एकदम नको हं. पावडरचं नेहमीसारखं पाण्यात बनवायचं आणि त्यात थोडं गाईचं घालायचं. मग हळूहळू वाढवत न्यायचं. पोरीला कळतसुद्धा नाही."

"बरं," म्हणून तो घरी आला आणि पावडरचा डबा त्याने वरच्या फळीवर ठेवून दिला. केंद्रावर येणाऱ्या दुधातलं सगळ्यात चांगलं, एका तांबड्या गाईचं दूध निवडून आणलं, उकळलं, कोमट केलं. आज तिसरा दिवस होता. नात दोन घास खायची, पाणी प्यायची आणि दुधाचा पेला दिसला की मान फिरवायची. कालपासून ती रडतही कमी होती, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

"अहो, मिसळून द्या म्हणाली होती ना ती?"

"मिसळलेलं दूध या घरात नको."

"हे तुमचं केंद्र नाही. आणि ही काही कॅन घेऊन रांगेत उभी नाही."

तो शर्ट पुसत राहिला. बायकोने मान वर करून फळीवरच्या डब्याकडे पाहिलं. त्याच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या झाकणावर निळ्या पेनाने लिहिलं होतं: 'आधी पाणी, मग पावडर. चमचा सपाट. आबा, दाबून भरू नका.'

अक्षर त्यांच्या लेकीचं होतं. नात तीन महिन्यांची असताना लेकीला ताप आला आणि डॉक्टरांनी दवाखान्यात राहायला सांगितलं. जाण्याआधी तिने बापाकडून पावडरचं दूध एकदा करून घेतलं. त्याने चमचा पोत्यात धान्य भरावं तसा दाबून भरला. ती तापातही हसली आणि तिने झाकणावर लिहून ठेवलं. "दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, आबा," असंही म्हणाली. नवव्या दिवशी ती गेली. जावई लांबच्या खाणीवर कामाला होता. पंधरा दिवसांनी यायचा, पोरीला मांडीवर घेऊन बसायचा आणि निघताना कुणाकडे न बघता निघायचा.

तेव्हापासून किती डबे आले आणि संपले. पण दर नव्या डब्याचं झाकण तपासनीस फेकून द्यायचा आणि हे जुनंच बसवायचा. अक्षर पुसट होत चाललं होतं. ते त्याने कधी गिरवलं नाही. गिरवलं असतं तर ते त्याचं झालं असतं.

"तुमचा नियम मला सांगू नका," बायको हळू आवाजात म्हणाली. "एकदाचं बंद करून टाकायचंय तुम्हाला. रोज एकेक चमचा कमी होताना बघवणार नाही, म्हणून. मलाही नाही बघवणार. पण तिचं पोट आपल्या दुःखासाठी थांबणार आहे का?"

त्याने नातीला खांद्यावर घेतलं आणि दवाखान्याची वाट धरली.

नर्सने नातीला काट्यावर ठेवलं, कागद पाहिला, पुन्हा काटा पाहिला. "पाव किलो कमी भरतंय."

"काट्यात फरक असेल," तो म्हणाला, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. ज्याचं दूध परत केलं, त्या प्रत्येकाने एकतीस वर्षांत त्याला हेच ऐकवलं होतं.

"काटा बरोबर आहे, आबा. मिसळून दिलंत का?"

"चोख दिलं. थेंबभर पाणी नाही."

नर्स रागावली नाही. नातीला झबलं चढवत म्हणाली, "चोख आपल्याला. तिला काय माहीत? तिने तर आईच्या नंतर एकच दूध पाहिलंय."

घरी आल्यावर त्याने हात धुतले आणि डबा खाली काढला. आधी पाणी घेतलं, मग पावडर, चमचे सुरीच्या पाठीने सपाट केलेले. पेला हलवला आणि मग एक गोष्ट केली जी त्याने नऊ महिन्यांत केली नव्हती. चमचाभर दूध आपल्या तोंडात घेतलं. पातळ, गोडसर, पत्र्याचा किंचित वास असलेलं. केंद्रावर आलं असतं तर त्याने दोनदा विचार न करता मोरीत ओतलं असतं. तो ते घोळवत उभा राहिला आणि त्याला कळलं, की पोरीच्या जिभेला हेच खरं दूध आहे. भेसळ ती त्या तांबड्या गाईची. पोरीने आपलं काम चोख केलं होतं, तीन दिवस सलग.

त्याने ते थुंकलं नाही, गिळलं.

मग मापाने पाव हिस्सा गाईचं दूध ओतायला भांडं उचललं. हात थांबला. बायको पाठ करून भांडी विसळत होती, मुद्दामच. त्याने ओतलं.

नातीने घोट घेतला, घोळवला. त्याच्याकडे पाहिलं. आणि गिळला. दुसरा घोट घ्यायला तिने पेला स्वतःच ओढला.

पुढचे दिवस तसेच गेले. पाव हिस्सा, अर्धा, पाऊण. सहा चमच्यांचे चार झाले, तीन झाले. वजन भरून आलं. शेवटचा एक चमचा उरला त्या दिवशी तो सपाट करायला त्याला फार वेळ लागला, आणि बायकोने घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नुसतं गाईचं दूध. नात ते गटागट प्याली आणि ओठांवर पांढरी रेघ घेऊन रांगत निघून गेली. तिला खरोखरच काही कळलं नव्हतं.

बायकोने रिकामा डबा घासून कपड्यांचे चिमटे ठेवायला घेतला. झाकण तिने नवऱ्याच्या हातात दिलं. तो चुलीपाशी उभा राहिला. वाफेने अक्षर आणखी पुसलं जाऊ नये म्हणून पातेल्यातलं दूध पुरतं निवेपर्यंत थांबला, आणि मग ते झाकण त्यावर ठेवलं. ते थोडं मोठं होतं, एका बाजूला कललं.

"अहो, कुणी पाहिलं तर काय म्हणेल?" बायको म्हणाली. "तपासनिसाच्या घरात दुधावर लिहिलंय, आधी पाणी."

ती हसली आणि हसताहसता तिला रडू आलं.

"म्हणू दे," तो म्हणाला, आणि कललेलं झाकण बोटाने सरळ केलं.