टॅपेटची टिकटिक

बारामतीत इंदापूर रस्त्याला गेणबांचे गॅरेज आहे आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून त्यांचे स्वयंपाकघर. त्या दुपारी निरवांगीच्या बापूसाहेबांची जुनी फियाट बॉनेट उघडून उभी होती. उद्या त्यांची नात उत्कर्षा याच गाडीतून सासरी पळसदेवला जायची होती.

गेणबांनी इंजिन चालू ठेवूनच व्हॉल्व दाबणारे टॅपेट नीट बसवले. टॅपेट आणि व्हॉल्वमधल्या प्रत्येक फटीत फट मोजायच्या गेजची पातळ पोलादी पट्टी सरकवून पाहिली, नट आवळले आणि समाधानाने हात पुसले.

"बापूसाहेब, इंजिन चालू हाय का बंद, कळतंय का?"

बापूसाहेबांनी वाकून कान दिला. "कळतंय की. खडखडतंय!"

गेणबांचे हसू अर्ध्यावरच राहिले. त्यांना ती खडखड ऐकूच येत नव्हती. चूक मात्र तत्काळ उमगली. जुन्या इंजिनात टॅपेटच्या तोंडाला झिजून खळगा पडतो. सपाट पट्टी त्या खळग्यावरून आडवी निघून जाते आणि फट नेमकी असल्याचा भास होतो. म्हणून शेवटचा निवाडा ते नेहमी कानावर सोपवत. आता तोच कान दगा देत होता आणि ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला कळू दिली नव्हती. ती आज उघडी पडली, तर उद्यापासून या गॅरेजात आपले काम काय उरणार?

"बरोबर बोलत्यात ते. वाजतंय!" स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसलेल्या त्यांच्या पत्नी कुशाबाई मोठ्याने म्हणाल्या.

"तुला गं काय कळतंय?"

"लगीन होऊन आले तवापासनं भाकरी थापताना ह्येच ऐकतीय. घाला पट्टी परत, एकेकात."

गेणबांनी पट्टी पुन्हा हातात घेतली. जिथे ती घातल्यावर खडखड थांबेल, तिथलाच टॅपेट सैल. पट्टी तिसऱ्या फटीत जाताच कुशाबाईंचे बोट वर झाले. त्या बोटाकडे पाहत गेणबा स्क्रू फिरवू लागले.

"आनखी... आनखी जरा... बास! येवढी टिकटिक राहू द्या. पार गप केली तर व्हॉल्व मिटायचा न्हाई, जळंल."

गेणबा चकित झाले. हाताखालच्या पोरांना ते आजवर हेच वाक्य ऐकवत आले होते.

"वहिनी, पुढल्या खेपेला तुमालाच दावतो गाडी," बापूसाहेब खुशीत म्हणाले.

"दावा की. पर पान्हा ह्यांच्याच हातात हाय."

गाडी रस्त्याला लागली. गेणबांनी हळूच विचारले, "माझ्या कानाचं तुला कवा कळलं?"

"कुकर शिट्ट्या मारून दमला, तरी तुमी हलंना, तवाच."

"मंग बोलली का न्हाईस?"

"बोलले की. ऐकलं कुठं तुमी?"

गेणबा मनापासून हसले. मग गिऱ्हाइकांसाठी ठेवलेले स्टूल त्यांनी फडक्याने नीट पुसले आणि उद्या दुरुस्तीला येणारी गाडी जिथे उभी राहायची होती, तिथे नेऊन ठेवले.

"लसूण हितंच सोलत जा," ते म्हणाले.