कठड्यावरचा ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल. स्वतःचाच ढोल बडवू नये असं म्हणतात, पण माझ्यासारख्याने दुसरं काय करावं? तेव्हा थोडं ऐकून घ्या.

पुण्यात मंडईमागच्या एका गल्लीत माझा जन्म झाला. पत्र्याचं पिंप, दोन्ही तोंडांना वाजणारी पानं आणि ती ताणून धरणारी दोरी, एवढंच माझं शरीर. नारायण पेठेतल्या एका ढोल-ताशा पथकाने मला आणलं. गणपतीच्या मिरवणुकीत मी घुमलो की गॅलरीतली माणसं कौतुकाने वाकून बघायची. उरलेलं वर्ष मी शेडमध्ये धूळ खात पडायचो. आम्हा ढोलांचं असंच असतं, त्यात रुसण्यासारखं काही नाही.

पथकप्रमुख बाळकाकांचा एक कडक नियम होता. ढोल कोणी स्वतःच्या कमरेला बांधायचा नाही, जोडीदाराने बांधायचा. आणि ज्याने बांधला, त्यानेच सोडायचा. मी चांगलाच वजनदार आहे. एकट्याने बांधलं की गाठ सैल राहते, नाहीतर श्वास कोंडतो.

माझी वादक तनया. दहावीतली, पेठेतलीच. तिची जोडीदार पूर्णिमा खडकीहून यायची. तिचे वडील तिथल्या कारखान्यात नोकरीला, घर मूळचं अमरावतीकडचं. पहिल्या दिवशी पोरं पूर्णिमाच्या वऱ्हाडी बोलण्याला हसली, तनया हसली नाही. तेव्हापासून दोघींची गट्टी जमली. गाठ मारून झाली की पूर्णिमा दर वेळी विचारायची, "दुखून तं नाही राहिलं ना?" ते ऐकायला मला फार आवडायचं.

त्या वर्षी फोनवर एक नवंच खूळ आलं, कठडा चॅलेंज. ढोल बांधून कठड्यावर चढायचं आणि वाजवत चालायचं. कुठल्याशा पथकातल्या मुलाने ते केलं आणि लाखो लोकांनी पाहिलं. आमच्या पथकात ताशा वाजवणाऱ्या सलिलने तनयाचं नाव पुढे केलं. फोनवरच ती नको म्हणाली, तर त्याखाली कोणीतरी लिहिलं, 'भित्री भागूबाई.' लिहिणाऱ्याला ना नाव होतं ना चेहरा, पण ते शब्द तिच्या मनात रुतून बसले. सरावात तिचा हात जड पडू लागला. मला ते लगेच कळायचं, कारण तिचं मन आधी माझ्या पानावर उमटायचं.

एका संध्याकाळी नदीपात्रातला सराव संपला आणि बाळकाका घरी गेले. आम्ही वर रस्त्यावर आलो. कडेला दगडी कठडा होता आणि त्याच्या पलीकडे, खोलवर, नदीतले खडक.

"अगं, फक्त अर्ध्या मिनिटाचं रील आहे," सलिल फोन रोखत म्हणाला. "जस्ट चिल."

"पूर्णिमा, बांध," तनया म्हणाली.

पूर्णिमाने गाठ मारली, पण कमरेच्या दोरीचं मोकळं टोक काही हातातून सोडलं नाही. "काऊन जीव धोक्यात घालून राहिली? नको चढू ना!"

"लोक मला भित्री म्हणतात. तू तरी म्हणू नकोस."

तनया कठड्यावर चढली. मित्रांनो, मी पोटावर बांधलेला असलो की वाजवणाऱ्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. जमिनीवर त्याने काही बिघडत नाही. कठड्यावर मात्र पुढचा सुटलेला दगड ना तिला दिसला, ना सलिलच्या फोनला. तिचा पाय वाकडा पडला आणि ती नदीकडे कलली. मी घाबरलो. माझंच वजन तिला खाली ओढत होतं आणि मला काहीच करता येत नव्हतं.

पूर्णिमाने दोरीला जिवाच्या आकांताने हिसका दिला. आम्ही रस्त्याच्या बाजूला आदळलो. माझं पान फाटलं, पिंप चेपलं. माझ्याखाली तनयाचं मनगट सापडलं आणि मोडलं. पण ती रडत होती, म्हणजे ती जिवंत होती. कोणाचं रडणं मला इतकं गोड कधी वाटलं नव्हतं. पूर्णिमाच्या तळहातांची सालं निघाली होती, तरी आधी तिनेच येऊन माझी गाठ सोडली.

दुसऱ्या दिवशी बाळकाकांनी ते चित्रीकरण पाहिलं. "उत्तम आलंय हो," ते सलिलला म्हणाले. "हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय, ते शाळेत शिकवायला उपयोगी पडेल."  मग त्यांनी तनयाच्या डोक्यावर हात ठेवला. 

तनयाने मात्र ते चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहिलं. कठडा दिसत होता, मी दिसत होतो, ती स्वतः दिसत होती. "यात पूर्णिमा कुठेच नाहीये," ती हळूच म्हणाली. पूर्णिमा चौकटीच्या बाहेर उभी होती. चॅलेंज देणाऱ्यांना, भित्री म्हणणाऱ्यांना, बघणाऱ्या कोणालाच ती दिसली नसती.

त्या वर्षीच्या मिरवणुकीत आम्ही तिघंही वाजलो नाही. मी शेडमध्येच होतो. तनयाचा हात प्लॅस्टरमध्ये, पूर्णिमाच्या हातांना पट्ट्या. दोघी वादकांना पाणी देत पथकाबरोबर चालल्या, असं मला नंतर कळलं. आता माझ्यावर नवीन पान आहे. आवाज थोडा जाडसर येतो, पण येतो.

मित्रांनो, ढोलाचं पान बदलता येतं, तुमचं नाही. कोणी तुम्हाला भित्रं म्हणून उंचावर चढायला लावलं, तर क्षणभर फोनकडे पाठ करा. तिथे, चित्रात न येणारं, तुमचं कोणीतरी उभं असेल. भीतीने त्याचा चेहरा पांढराफटक पडला असेल. त्याच्याकडे एकदा नीट बघा आणि खाली उतरा.