किनाऱ्याला लागलेले कांदे

मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. आपल्या ईराचे बाबा, उल्हासकाका, दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या बंदरात क्लार्क होते ना, तेव्हाचं सांगतो. तर मीटिंग चालू आहे. मुदीर, म्हणजे काकांचा अरब बॉस, म्हणतोय, आपलं बंदर एवढंसं, आपण कुणाला काय शिकवणार. ज्यांच्याशी व्यापार करतो त्यांनाच विचारू, तुमच्याकडे कसं चालतं. म्हणून बोटवाल्यांना चहाला बोलावलेलं आणि त्यांचं हिंदी काका अरबीत सांगतायत.

त्यात मुश्ताक, कच्छचा. लाकडी बोटीतून कांदे आणायचा आणि दर खेपेला काकांकडे एक गोणी टाकून जायचा. हेमाकाकू म्हणायची, एवढ्या कांद्यांचं करू तरी काय. तर हा मुश्ताक चहा ढोसून असा सुटला म्हणतोस! आपल्या कच्छच्या बंदरातल्या साहेबांना शिव्या घालत म्हणाला, तिकडे बोट तपासल्याचा कागद नसेल तर माल उतरवूच देत नाहीत. आणि एकदम जीभ चावली. त्याची स्वतःची बोट कुठे धड होती? तळातलं पाणी उपसत यायचा बिचारा.

"उल्हासभाई, ये वाली बात रहने दो," तो हळूच म्हणाला.

मुदीर काकांकडे बघतोय. काकांचा व्हिसा त्याच्या हातात, हे एक. पण खरं सांगू, काकांना ते पटलंही होतं. आदल्याच वर्षी माणसांसकट एक बोट बुडालेली. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

मुदीर खूश. रूल लागू.

पुढच्या खेपेला मुश्ताक आला तो कागदाशिवाय. माल उतरणार नाही, हे धक्क्यावर उभं राहून काकांनाच सांगावं लागलं. समुद्रावर शमाल, म्हणजे तिकडचा वादळी वारा, सुटलेला. काकांनी मुदीरचे पाय धरले, वारा पडेपर्यंत तरी थांबू द्या.

"रूल तूच सांगितलास ना," मुदीर म्हणाला. "खलास."

मुश्ताक चिडलासुद्धा नाही रे. दोर सोडताना एवढंच म्हणाला, "भाभी को बोलना, इस बार प्याज़ रह गया।"

दोन दिवसांनी किनाऱ्याला कांदे लागले. लाटेबरोबर पुढे येतायत, मागे जातायत. बोट नाही, माणसं नाहीत. काका बुटांसकट पाण्यात उतरले आणि कांदे वेचत राहिले. कुणी हाक मारली तरी वर बघेनात.

त्यानंतर तिथली एकही बोट बुडाली नाही. रूल चांगलाच होता, पंचाईत तीच आहे.

आता तू सांग. त्या मीटिंगमध्ये काकांच्या खुर्चीत तू असतास, तर तेवढं एक वाक्य गिळलं असतंस?