जाजमावर पडलेलं नाणं

खुशालराव जिना चढून वर आले तेव्हा रागिणीच्या मनात पहिला विचार आला तो हा, की म्हाताऱ्याला अजून धाप कशी लागत नाही. मग तिचं लक्ष त्यांच्या हातातल्या कापडी पिशवीकडे गेलं. पिशवी जड होती आणि आत काहीतरी खुळखुळत होतं.

नात्यानं ते तिच्या नवऱ्याचे, गोपालचे, थोरले काका. अकोल्याच्या घरात लहानथोर सगळे त्यांना मोठेबाबा म्हणत. रागिणीचं लग्न होऊन पंधरा वर्षं उलटली, पण अमरावतीला राजापेठेतल्या या घराची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती.

"पाणी दे व रागिणी," खुर्चीत टेकत ते म्हणाले. "माह्या नातीचं, वर्षालीचं, लगन आलं ना. इवायाच्या माणसाइले वाटाले चांदीचे शिक्के आणले. वळखीच्या माणसाकडून, एकगठ्ठा, सस्त्यात. तू घरीच तपासतं म्हणे. पाहून दे बरं."

"देते ना, मोठेबाबा. बसा." रागिणीनं पाणी दिलं आणि पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेली. मनात म्हणाली, या बाबा, या. तुमचीच वाट पाहत होते.

तिच्या लग्नात हाच माणूस होता आणि असेच शिक्के होते. तिचे वडील नत्थुजी शेंदूरजनाघाटचे संत्रा बागायतदार. त्या साली बहार चांगला साधला, म्हणून त्यांनी हौसेनं वरपक्षाच्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी चांदीचा शिक्का घेतला. खुशालरावांनी आपला शिक्का हातात घेतला, जुन्या माणसांच्या रीतीनं खाली टाकून वाजवून पाहिला आणि भर मांडवात म्हणाले, "हा तं वाजतच नाई. काय इवाईबुवा, गिलेट आणलं काय?" मांडव हसला. नत्थुजींनी हात जोडत जोडत एकेकाकडून शिक्के परत गोळा केले. वरुडच्या ज्या सराफाकडून ते घेतले होते तो त्यांचा जिवाभावाचा मित्र. त्याच्याशी ते पुन्हा बोलले नाहीत. मरेपर्यंत एकच म्हणत राहिले, "खरे असते तं वाजले असते." आणि रागिणीला सासरी नाव पडलं गिलेटवाली, खोट्या चांदीची.

वडील गेल्यावर आईनं, कौशल्याबाईनं, त्या शिक्क्यांचा डबा तिच्या हवाली केला. चांदीचा भाव आभाळाला भिडला होता. एकदाचं काय ते कळू दे, म्हणून रागिणी मोबाइलवर पाहून तपासणी शिकली. डब्यातला एकूण एक शिक्का खरा निघाला. ती ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडली. रडता रडता तिला आठवलं, मांडवात खाली फरशी नव्हतीच. चांगलं जाडजूड जाजम होतं. जाजमावर टाकली तर देवळातली घंटाही वाजायची नाही! हे तिनं गोपाललासुद्धा सांगितलं नाही. शेजारणींची नाणी तपासून देऊ लागली, गावभर नाव झालं, पण वडिलांचा डबा माळ्यावरून खाली आला नाही. ती डूख धरून बसली होती.

आता तिनं खुशालरावांचे शिक्के काट्यावर ठेवले. वजन चोख, एकेक दहा ग्रॅम. मग एका शिक्क्यावर बर्फाचा खडा ठेवला. खऱ्या चांदीवर बर्फाचं पाहता पाहता पाणी होतं. हा खडा आपला जावयासारखा निवांत बसून राहिला. रागिणीनं माळ्यावरचा डबा काढला. वडिलांच्या दहा शिक्क्यांची एक चळत लावली, मोठेबाबांच्या दहांची दुसरी. गोलाई तीच, वजन तेच, पण मोठेबाबांची चळत उंच. चांदी जड, तिचं वजन थोडक्यात भरतं. हलक्या धातूला तेवढंच भरायला जाडी लागते. खात्रीसाठी तिनं काट्यावर पाण्याचा पेला ठेवून दहा-दहा शिक्के दोऱ्यानं बांधून पाण्यात लोंबकळत धरले, तळाला टेकू दिले नाहीत. वडिलांच्या शिक्क्यांनी काटा साडेनऊ ग्रॅमनं वाढला, मोठेबाबांच्या साडेअकरानं. वजन तेवढंच आणि जागा जास्त, म्हणजे चांदी नव्हेच. वरून चांदीचा मुलामा, आत जर्मन सिल्व्हर, नावापुरतीच चांदी.

आता फक्त 'खरे आहेत' एवढंच म्हणायचं होतं. पुढचं काम वर्षालीच्या सासरच्यांनी केलं असतं. माणसं चांदीच्या बाजारासाठी नावाजलेल्या खामगावची; चांदी त्यांना वासावरून कळते. भर मांडवात म्हाताऱ्याचं नाक कापलं गेलं असतं आणि रागिणीनं पहिल्या रांगेत बसून ते पाहिलं असतं. या सुखासाठीच तर ती इतकी वर्षं थांबली होती.

पण वर्षाली मध्ये येत होती. रागिणीच्या लग्नात ती एवढीशी होती. सगळा मांडव हसत असताना ही पोरगी नवरीचा पदर धरून रडली होती, का तर नवरी रडते म्हणून. खामगावात तिला काय नाव पडेल, हे रागिणीनं कोणाला विचारायला नको होतं. कीव आली ती वर्षालीची. म्हाताऱ्याची तसूभरही नाही.

ती दोन शिक्के घेऊन बाहेर आली. "मोठेबाबा, तुमीच वाजवून पाहा. इथं फरशीवर."

एक शिक्का ठण्णकन वाजला आणि त्याचा नाद खोलीभर रेंगाळला. दुसरा खट्ट करून गप्प झाला.

खुशालराव खूश झाले. "हा पहिला माहा ना?"

"नाई. तो माह्या बाबाचा. तुमी जाजमावर टाकला होता, त्यातलाच. तुमचा तो दुसरा. सगळे तसेच हायेत."

खुशालरावांचा चेहरा उतरला.

"जाजमावर चांदी वाजत नाई, हे तुमाले ठाऊक नव्हतं?"

ते फरशीकडे पाहत म्हणाले, "मानाचा टोपी-दुपट्टा पह्यले मले द्याले पाह्यजे होता तुह्या बापानं. माह्या लहान्या भावाले पह्यले देल्ला."

रागिणीच्या मस्तकात तिडीक गेली. टोपी! एका टोपीपायी तिचा बाप खाली मान घालून मेला.

तिनं डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. "हे घेऊन जा. वर्षालीसाठी देऊन राहिली, तुमच्यासाठी नाई. पण वाटाच्या आधी मांडवात माईकवर सांगाचं. हे नत्थुजीचे शिक्के हायेत, मी खोटे म्हटले होते, ते खरे होते."

"चारचौघांत? या वयात?"

"माह्या बाबाचं वय काय होतं तवा?"

खुशालरावांनी डबा उचलला. न उचलून सांगतात कोणाला.

अकोल्याच्या मांडवातही जाजम होतं. खुशालरावांनी माईक हातात घेतला, घसा खाकरला आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले. पुढच्या दोन रांगांनी माना डोलावल्या. ते घाईघाईनं डब्याकडे वळले.

बायकांमधून रागिणी उठून उभी राहिली. "मोठेबाबा, मांगं ऐकू नाई आलं. बाबाचं नाव जोरानं घ्या."

खुशालरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग वर्षालीकडे, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. नत्थुजींचं नाव, जाजम, खोटा आळ, सगळं.

शेजारी बसलेल्या कौशल्याबाईनं पदरानं डोळे पुसले आणि लेकीचा हात ओढला. "झालं व माय. बस आता."

रागिणी बसली नाही. "अजून एकदा," ती म्हणाली.