मागच्या फाटकातून

चैत्रालीला आपली मुळं शोधायचं वेड लागलं. काचेच्या नळीत थुंकून ती नळी पोस्टानं पाठवली की आपण मूळचे कुठले ते कळतं म्हणे. मी तिला म्हटलं, "अगं, आपण साताऱ्याचे. त्यासाठी थुंकायला कशाला हवं?" पण हल्लीच्या मुलांना आईनं सांगितलेलं पटत नाही, प्रयोगशाळेनं सांगितलं की पटतं. जर्सी सिटीतल्या तिच्या भाड्याच्या घरात बसून तिनं कॉम्प्युटरवर वंशवृक्ष काढायला घेतला आणि एका रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या आईला विचारलं, "आजी, तुला मुलं किती? मॉम एकटीच ना?"

आई माझ्याकडेच असते, ॲरिझोनात, चँडलरला. ती मागच्या अंगणात कोथिंबीर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दोन. एक ही. दुसरा मार्लथॉर्पला आहे."

'आहे' म्हणाली. 'होता' नाही. माझ्या हातातला चहा तसाच राहिला, कारण या विषयावर आमच्या घरात गेली पन्नासहून जास्त वर्षं कुणी तोंड उघडलं नव्हतं.

मार्लथॉर्प हे यॉर्कशरमधलं एक खेडं. माझे बाबा, डॉक्टर चंद्रशेखर, तिथले गावडॉक्टर होते. मी तिथं सहा वर्षांची झाले, तिथल्या शाळेत गेले आणि तिथल्या मेंढपाळांसारखं इंग्रजी बोलायला शिकले. त्याच गावात एका हिवाळ्यात मला भाऊ झाला आणि नवव्या दिवशी गेला. आमच्यात दात न आलेल्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात. वर दगड ठेवत नाहीत, खूण करत नाहीत. बाळंतीण तर जातच नाही. पाद्र्यांनी चर्चच्या आवारात जागा दिली आणि बाबा बाळाला घेऊन गेले. शेजारच्या बाई आईजवळ बसल्या होत्या. मी बाबांचा कोट सोडेना, म्हणून त्यांनी मलाही नेलं.

त्यानंतर बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत आणि आईनं विचारलं नाही. आम्ही शिकागोला आलो, तिथल्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर पहिलं वाणसामान घेतलं, मी मोठी झाले, ॲरिझोनात नोकरीला लागले. बाबा गेले. जागा कुठली, हे सांगणारं माणूस त्यांच्याबरोबर गेलं असं मी धरून चालले होते.

"त्याचं बारसं राहिलंय," आई कोथिंबिरीला सांगावं तसं म्हणाली. "नाव मी मनात ठरवलं होतं. बारशाआधी सांगू नये म्हणून यांनासुद्धा सांगितलं नाही. आता तो डॉक्टर म्हणतो, हार्टची झडप गेली आणि या वयात ऑपरेशन नको. मी गेले की ते नावही जाईल. कुठं ठेवलंय ते कळलं, तर तेवढं उरकून घेईन म्हणते. तू होतीस ना गं बरोबर?"

मला राग आला. दुःख व्हायला हवं होतं, पण आधी राग आला, माझा स्वभावच तसा. मी तीस वर्षं कॉम्प्युटरच्या चिप बनवण्याच्या कारखान्यात काढली. तिथं डोळ्याला न दिसणारा कण बसला तरी माल फुकट जातो, मोजल्याशिवाय कुणी कशावर विश्वास ठेवत नाही. आणि आता माझ्या आईची शेवटची इच्छा एका सहा वर्षांच्या पोरीच्या आठवणीवर टांगलेली होती. ती पोरगी मी असले म्हणून काय झालं?

आठवण तरी केवढी. एक दगडी कोकरू, कुणा दुसऱ्याच बाळाच्या जुन्या थडग्यावरचं असावं, मांजराएवढं, पाय दुमडून बसलेलं. त्याच्या डोक्यावर एक वाकडं झाड. कोकराच्या शेजारी बाबा उभे. मग बाबांनी मला उचलून घेतलं आणि निघाले. माझी हनुवटी त्यांच्या खांद्यावर होती, तोंड मागं. कोकरू लहान लहान होत गेलं. बास.

"दॅट्स इट?" चैत्राली म्हणाली. "अ लॅम्ब?"

तिनं त्या गावाला ईमेल पाठवले आणि इकडे माझ्या डोक्यात भलतंच सगळं वर यायला लागलं. दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्या, त्यांची चंदेरी टोपणं फोडून वरची साय खाणारे चिमुकले पक्षी. कोळशाच्या शेगडीपुढे वाळत घातलेले माझे लोकरी मोजे आणि त्यांचा वास. बरं वाटलेला पेशंट डॉक्टरांच्या दाराशी रूबार्बची जुडी ठेवून जायचा. लालसर दांडे आणि ही एवढाली हिरवी पानं. आईला ती अळूसारखी दिसली. तिनं चणाडाळ, गूळ घालून झकास फतफतं केलं, खोबऱ्याचे काप नव्हते म्हणून हळहळलीसुद्धा. बाबा जेवायला आले, पातेल्यात डोकावले आणि पातेल्यासकट मागच्या बागेत गेले. ती पानं विषारी असतात. "दांडे खायचे, प्रतिमा, दांडे! पानं टाकायची!" मग आई दांड्यांची आमटी करायला लागली, आणि तशी आंबटगोड आमटी मी पुढं कुठंच खाल्ली नाही. हे सगळं आठवताना मला फार आनंद होत होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती, कारण हवं होतं ते यातलं काहीच नव्हतं.

चैत्रालीला एक बाई सापडल्या. जेनेट त्यांचं नाव. निवृत्त शिक्षिका, चर्चच्या आवाराची देखभाल करतात. त्यांनी कळवलं की डॉक्टर चंद्राचं, म्हणजे बाबांचं, बाळ इथं पुरल्याची नोंद आहे, जागेची नाही. दगडी कोकरू त्यांच्या पाहण्यात नाही. पण तुम्ही म्हणत असाल तर फोन हातात धरून सगळं आवार फिरवून दाखवते.

आम्ही सकाळी बसलो. चँडलरला आठ वाजायच्या आत ऊन तापलं होतं आणि फोनमध्ये जेनेट रेनकोट घालून भिजत उभ्या होत्या. आईनं पांढरं पातळ नेसलं होतं, हातात हळदीकुंकवाची कुयरी. स्क्रीनवरच्या दुसऱ्या चौकटीत चैत्राली, ऑफिसात रजा टाकून.

जेनेट मोठ्या फाटकातून आत गेल्या. चर्च दिसलं, आणि मला काही म्हणजे काही ओळखीचं वाटेना. माझ्या मनातली भिंत उंच होती, ही माझ्या कमरेएवढी. दगडांच्या रांगाच रांगा. कोकरू नाही. जेनेट न कंटाळता प्रत्येक रांगेतून चालल्या. "इज इट हिअर, लव्ह?" त्या विचारायच्या आणि मी "नो" म्हणायचे. आई स्क्रीनकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

तेवढ्यात माझ्या दुसऱ्या फोनवर चैत्रालीचा मेसेज आला. 'मॉम, जस्ट पिक अ नाइस स्पॉट. आजी वोंट नो.'

खोटं कशाला सांगू, मी जागा निवडलीसुद्धा. एका मोठ्या झाडाखाली बाक होता, आजूबाजूला पिवळी फुलं. कुणाच्याही बाळाला शोभेल अशी जागा. 'इथंच' असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"ही बाई आत कुठून शिरली?" आईनं मध्येच विचारलं.

"मोठ्या फाटकातून. आम्हीही तिथूनच गेलो असू."

"आणि आलात कुठून?"

"तिथूनच आलो असणार ना, आई."

"छे. गेल्या वाटेनं परत येत नाहीत. आणि मागं वळून बघत नाहीत. तुझ्या बाबांच्या घरी हे फार कडक. यांचा देवावर विश्वास नव्हता, पण असलं सगळं पाळायचे. दुसऱ्या वाटेनं आले असतील."

माझ्याकडे जे काही होतं ते सगळं परत येतानाचं होतं. जाताना मी काय पाहिलं ते मला मुळीच आठवत नव्हतं. आणि आता एकदम आठवलं की घरी आल्यावर बाबांचे बूट शेगडीपुढे वाळत होते, माझ्या मोज्यांच्या शेजारी. आम्ही पाण्यातून आलो होतो, चर्चमागच्या ओढ्यातून.

मी जेनेटना विचारलं, ओढ्याकडून आत यायला वाट आहे का?

"देअर्स द ओल्ड गेट," त्या म्हणाल्या. "पण ते कैक वर्षं उघडलेलं नाही. तो कोपरा आम्ही मधमाश्यांसाठी रानच ठेवलाय." आम्ही काही म्हणायच्या आधी त्या निघाल्याही. भिंतीला वळसा, चिखल, ओढ्याचा आवाज. फाटक उघडेना. त्यांनी फोन फाटकावरून आत धरला.

चर्चचा मनोरा या बाजूनं तिरका दिसत होता. खाली गवत, गवतावर आयव्हीच्या वेलींचा ढीग आणि त्या ढिगावर वाकलेलं एक काटेरी झाड. माझी हनुवटी आपोआप वर झाली, कुणाच्या तरी खांद्यावर टेकावी तशी.

"तिथं," मी म्हणाले. इंग्रजीत सांगायचंही मला सुचलं नाही. "तिथं. त्या झाडाखाली."

सत्तरीच्या जेनेट फाटकावरून चढून आत उतरल्या. एका हातात फोन घेऊन दुसऱ्या हातानं त्या वेली ओढायला लागल्या. हिरवं, काळं, माती, मग करडा दगड. एक दुमडलेला पाय. मग पाठ. कान झिजून गेले होते आणि नाकावर शेवाळ होतं. बाकी सगळं जागच्या जागी होतं.

"ओह, लुक ॲट यू," जेनेट त्या कोकराला म्हणाल्या. मी रडत होते, चैत्राली रडत होती. आई रडत नव्हती.

"यांनी मागं पाहिलं का गं?" तिनं विचारलं.

"नाही. बाबा सरळ चालत होते."

तिनं हातातली कुयरी मांडीवर ठेवली.

"मी पाहत होते," मी म्हणाले. "मला त्यांनी खांद्यावर घेतलं होतं, उलटं. फाटकाबाहेर पडेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत होते."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

मग आईला रडू आलं. "मला इतकी वर्षं वाटायचं," ती म्हणाली, "की माझ्या बाळाकडे कुणीच वळून पाहिलं नाही. यांचा मी फार राग केला गं. बोलले नाही, पण केला." तिनं पदरानं डोळे कोरडे केले आणि कुयरी उघडली. स्क्रीनला हळदकुंकू लावणार तेवढ्यात मी तिचा हात धरला, तेव्हा तिनं ते फोनच्या पुढ्यात टेबलावर वाहिलं.

"आता आत्या कुठली आणू," ती म्हणाली. "तूच सांग नाव. बहीण आहेस." तिनं मला जवळ ओढलं आणि कानात नाव सांगितलं.

मोरेश्वर. बाबांच्या वडिलांचं नाव.

मी जेनेटना म्हटलं, फोन जरा जमिनीवर ठेवाल? कोकराच्या शेजारी? त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. गुडघे टेकून त्यांनी तो गवतात ठेवला. आम्हाला फक्त पाती दिसत होती आणि वर ढगाळ आभाळ. मी तोंड अगदी जवळ नेलं, "कुर्र्र" केलं आणि नाव सांगितलं. बारशात नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बुक्के घालतात. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईनं माझ्या पाठीत एक बुक्का घातला, चांगला लागेल असा.

"हळू बोललीस," ती म्हणाली. "लांब आहे तो. परत सांग."

मी परत सांगितलं.