निर्वंश फेरोंची वंशावळ

सीमंतिनीच्या नोकरीत अडचण एकच होती. इजिप्तमध्ये जागा शिल्लक नव्हती.

इंदूरच्या एका कंपनीने मोबाइलवरचा एक खेळ काढला होता. त्यात प्राचीन इजिप्तवर सहा व्हॅम्पायर राज्य करणार होते. राजे तयार होते, त्यांचे सुळे तयार होते, एका राणीच्या मांडीवरचं मांजरसुद्धा चित्रकाराने रंगवून ठेवलं होतं. ते होऊन गेले कधी, कुणाच्या नंतर आणि कुणाच्या आधी, एवढंच सीमंतिनीने ठरवायचं होतं. वर राजवर्धन नावाच्या तिच्या साहेबाने बजावलं होतं, की खऱ्या इतिहासाला धक्का लागता कामा नये. खेळणारी मुलं पडताळून बघतात आणि खाली शिव्या लिहितात. सोमवारी दुपारी मीटिंग होती. जमलं तर नोकरी पक्की. नाही जमलं तर पुन्हा कोचिंग क्लास आणि दहावीकडून इतिहासाचे 'महत्त्वाचे प्रश्न' घोकून घेणं. त्या क्लासमधून ती अशा तोऱ्यात बाहेर पडली होती, की परत जाताना तोंड कुठल्या खिशात घालावं हाच प्रश्न होता.

दोन दिवस तिने राजांच्या याद्या पालथ्या घातल्या. ज्या गादीवर बोट ठेवावं तिथे कुणीतरी आधीच बसलेलं. ग्वाल्हेरच्या गजबजलेल्या दाना ओलीत एक वेळ मोटार लावायला जागा मिळेल, पण नाईलकाठी एक राजा टेकवायला मिळत नव्हती.

शेवटी शनिवारी ती गुरुप्रसादकाकांकडे गेली.

काकांनी जन्मभर वीज मंडळात नोकरी केली. पण घराण्याचा धंदा वेगळा. त्यांचे पूर्वज दख्खनेतून येऊन इथे दरबारच्या दफ्तरात बसले आणि कोण कुणाचा कोण, हे लिहू लागले. दरबार गेला, खोड राहिली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठा सरदारांच्या घरी लग्न निघालं, की आजही वंशावळ काकांकडूनच जाते. "आपण खोटं लिहीत नाही," काका म्हणत. "रिकाम्या जागी रांगोळी काढतो."

काकांनी पेन्सिल घेतली. "गोत्र काय त्यांचं?"

"काका, ते फेरो आहेत."

"असू देत. देवक?"

"मांजर लिहा."

काकांनी लिहिलं. "सोयरीक कुठल्या घराण्याशी?"

"बहिणींशीच. तिकडच्या राजघराण्यांत चालायचं."

पेन्सिल थांबली. "हे आपण तोंडी ठेवू. मरतात कधी?"

"मरत नाहीत. तोच तर पॉइंट आहे ना!"

"मरत नाहीत, तर गादी रिकामी कशी व्हायची? सुतक नाही, तेरावं नाही, दुसऱ्याने बसायचं कुठे? आणि मुलंबाळं?"

"तीही होत नाहीत. ज्याला चावतात तो त्यांच्यातला होऊन जातो."

"अगं मग दत्तक म्हण की!" काकांचा चेहरा उजळला. "उगीच चावले-बिवले काय. दत्तकविधान झालं, मानेवर शिक्का उठला. ग्वाल्हेरात दत्तकाचं नवल कुणाला?"

हा माणूस आपल्याला वाचवणार की बुडवणार, ते सीमंतिनीला कळेना. पण बुडायला उरलं तरी काय होतं? तिने सांगितलं, की एक राजा लहानपणी गादीवर बसला तो चौऱ्याण्णव वर्षं उठलाच नाही, असं एका जुन्या पुजाऱ्याने लिहून ठेवलंय. विद्वानांना ते पटत नाही. त्याच्यामागे जो गोंधळ झाला त्यात म्हणे सत्तर दिवसांत सत्तर राजे झाले. तेही विद्वानांना पटत नाही. पुढे राज्याचे दोन तुकडे पडले, एक घर उत्तरेला, एक दक्षिणेला.

"बस्स," काका म्हणाले. "इथेच घुसव. सत्तर राजांच्या गर्दीत सहा कोण मोजतो? गोंधळ ही देवाने आमच्या धंद्यासाठी राखून ठेवलेली जमीन आहे."

रविवारी सकाळी मसुदा तयार होता, आणि चक्क बसत होता. चौऱ्याण्णव वर्षंवाला मूळ पुरुष. त्याच्याखाली दोन पाती, म्हणजे घराण्याच्या दोन शाखा. थोरली उत्तरेला, धाकटी दक्षिणेला, तीन-तीन व्हॅम्पायर वाटून दिलेले. धाकटीला एक छोटा पिरॅमिड. सीमंतिनीने मसुदा तिथल्या तिथे राजवर्धनला पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आलं: "मस्त! लेकिन एक बात. या सहा जणांनी राज्य केलं, तर एकाही भिंतीवर यांचं नाव का नाही? कल तक जवाब चाहिए. याच्याशिवाय मी फायनल करू शकत नाही."

तिने डोकं धरलं. काकांना मात्र वेगळीच काळजी. त्यांच्याकडे रीत अशी, की वंशावळ पक्की करण्याआधी ती घराण्यातल्या वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने वाचायची आणि "कुणाची हरकत?" असं विचारायचं. न वाचलेली वंशावळ काकांच्या हातून कधी बाहेर पडली नव्हती. आता फेरोंचे वडीलधारे आणायचे कुठून?

तेवढ्यात जिना चढून उमाजीराव आले. खासगी बाजारात राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले. बँकेत तीस वर्षं इतरांच्या सह्या तपासल्या, पण त्यांच्या दिवाणखान्यातला त्यांचा तलवारीसह फोटो बघितला तर वाटावं, गृहस्थ नुकतेच पानिपतावरून चहाला आले आहेत. नातीचं लग्न होतं, वंशावळ न्यायला आले होते.

"बसा सरदार," काका म्हणाले. "वडीलधारे आहात. जरा ऐकून घ्या." आणि सीमंतिनी डोळे मोठे करतेय तोवर वाचायला लागले. "मूळ पुरुष चौऱ्याण्णव वर्षे गादीवर. दिवसा कोणास दर्शन देत नसत. दुसऱ्या राणीच्या दत्तकाने राजमुद्रा लांबवली, ती धाकट्या पातीकडे गेली..."

उमाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. "पंत, ही तर आमची वंशावळ आहे."

"नाही हो, मिसर देशाची."

"मिसर-फिसर मला नका सांगू! मरेपर्यंत खुर्ची न सोडणारे आमचे पणजोबा. दिवसा झोपणारे आमचे आजोबा. मुद्रा लांबवणारा तो आमच्या धाकट्या पातीचा, इंदरगंजवाल्यांचा मूळ पुरुष. मी काय पागल आहे?"

काकांनी चष्मा काढून पुसला. पुसायचं काही नव्हतं. घाईत नवा साचा करायला वेळ कुठला? टेबलावर जी वंशावळ सुकत पडली होती तिच्यावरच त्यांनी फेरो बसवले होते. सीमंतिनीने मसुदा पटकन ओढून घेतला. आता हे पेपरात जाणार, कंपनी हात झटकणार.

"साहेब, माफ करा," ती म्हणाली. "ते रक्त पिणं वगैरे फक्त गेममध्ये आहे."

"रक्ताचं सोड बेटा. सरदार माणूस रक्त नाही पिणार तर काय लस्सी पिणार? माझी हरकत दुसरी आहे." उमाजीराव उभे राहिले. "थोरली पाती आमची. मग पिरॅमिड धाकटीला कसा? आज इतिहासात देऊन दिला, तर उद्या लग्नाच्या पंगतीत पहिलं पानही तेच मागतील. बदला, नाही तर मी पेपरात देईन की लष्करात इजिप्तचा खोटा इतिहास तयार होऊन राहिला आहे."

ते गेले. बातमी त्यांच्याआधीच खाली उतरली असावी, कारण संध्याकाळच्या चहाला इंदरगंजातून दिग्विजयसिंह हजर. टायरचं दुकान, शर्टाच्या खिशात हवेचा दाब मोजायचं यंत्र. उमाजीरावांचे हे चुलतभाऊ, धाकटी पाती. दोन घरांत वडिलांच्या वेळेपासून बोलणं नाही. कशावरून, ते दोघांनाही नीट आठवत नाही. आठवलं असतं तर कधीच मिटलं असतं.

"ऐकलं, आम्हाला पिरॅमिड मिळाला," दिग्विजयसिंह खुशीत म्हणाले. "चांगलं झालं. हक्कच होता. फक्त ते मुद्रा लांबवली म्हणता ना, ते काढून टाका. सांभाळायला घेतली म्हणा. आणि थोरली पाती आहेच कशाला त्यात? ती तर संपली."

"संपली कशी?" सीमंतिनी म्हणाली. "सकाळी ते इथे चहा पिऊन गेले."

"चहा पिऊ दे. कागदावर संपली." त्यांनी पिशवीतून आपल्या घरची वंशावळ काढली. अक्षर काकांचंच. थोरल्या पातीच्या मूळ पुरुषाखाली एकच शब्द होता: निर्वंश.

सीमंतिनीने टेबलावरची उमाजीरावांची वंशावळ ओढून शेजारी ठेवली. त्यात धाकट्या पातीखाली तोच शब्द, त्याच वळणाचा.

"काका! हे काय?"

"गिऱ्हाईक म्हणेल तसं," काका खाली बघत म्हणाले. "दोघांनाही मी म्हटलं होतं, दुसऱ्याची हरकत घेऊ. दोघंही म्हणाले, निर्वंश माणसाची हरकत कसली?"

"आणि दोन्ही खऱ्या धरल्या तर?"

"तर घराणंच नाही."

सीमंतिनीने समोर बघितलं. जे घराणंच नाही ते दुसरं बिस्किट चहात बुडवत होतं आणि ते तुटून पडल्यामुळे हळहळत होतं. ती बघत राहिली. मग एकदम हसायला लागली. इजिप्तमध्ये तर हे सर्रास चालायचं! नको असलेल्या राजाचं नाव पुढचा राजा छिन्नीने भिंतीवरून खरवडून काढायचा. हे तिने स्वतः दहावीच्या पोरांना सांगितलं होतं. परीक्षेत येणार नाही म्हटल्यावर त्यांनी ऐकलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

"दिग्विजयकाका," तिने विचारलं, "थोरल्या पातीचं नाव तुमच्या हातात असतं तर कुठपर्यंत पुसलं असतं?"

"कुठपर्यंत म्हणजे? जिथे दिसेल तिथे."

"आणि मरायचंच नसतं तर?"

"मग तर काय," दिग्विजयसिंह स्वप्नात गेल्यासारखे म्हणाले, "निवांत पुसलं असतं."

सोमवारी दुपारी काकांच्या घरी मीटिंगला उमाजीराव आणि दिग्विजयसिंह दोघेही आले. पहिल्याला कळलं दुसरा येणार, म्हणून तो आला. दुसऱ्याला कळलं पहिला आला, म्हणून तो धावत आला. एक खोलीच्या या टोकाला बसला, एक त्या. मध्ये लॅपटॉप आणि सीमंतिनी.

पडद्यावर राजवर्धन आला. "हां, सीमंतिनी. नाव क्यों नहीं मिलता?"

"सर, दोन पाती होत्या. थोरलीने धाकटीचं नाव प्रत्येक भिंतीवरून खरवडलं. धाकटीने थोरलीचं. मरत तर नव्हतेच, वेळच वेळ. दिवसा बाहेर पडता येत नाही, म्हणून रात्रभर हेच काम. शेवटचं नाव निघेपर्यंत थांबले नाहीत. म्हणून इतिहासात सहापैकी एकही दिसत नाही. कुणी लपवलं नाही, सर. घरच्यांनीच पुसलं."

राजवर्धनने सगळं टिपून घेतलं. मग म्हणाला, "अरे, ये तो बिलकुल फिट बैठता है!"

खोलीच्या दोन टोकांना दोन छात्या फुगल्या. आपलं नाव खरवडायला समोरच्याला पिढ्यान्पिढ्या छिन्नी चालवावी लागली, हा मान थोडाथोडका नव्हता. पिरॅमिडचं नावही कुणी काढलं नाही. त्यावरही आता नाव नव्हतं.

"बस, एक आखरी सवाल," राजवर्धन म्हणाला. "गेम आहे. तो शेवटी जीतता कौन है? थोरली की धाकटी? एक सांग, लगेच तुझा कागद पक्का करतो."

सीमंतिनीने आधी खोलीच्या एका टोकाला बघितलं, मग दुसऱ्या. थोरली म्हणावं तर इंदरगंज बिथरणार, धाकटी म्हणावं तर खासगी बाजार पेपरात जाणार, आणि गप्प राहावं तर कोचिंग क्लास.

"सांग त्यांना," उमाजीराव भिंतीकडे बघून म्हणाले.

"सांगून टाक," दिग्विजयसिंह पंख्याकडे बघून म्हणाले.

आणि मग दोघेही एकदम, वडिलांच्या काळानंतर पहिल्यांदाच एका सुरात: "कुणी नाही!"

"कुणी नाही म्हणजे?" राजवर्धनने कान पुढे केला. "सीमंतिनी, ये कौन लोग हैं?"

"थोरली पाती आणि धाकटी पाती, सर," तिच्या तोंडून निघून गेलं.

"साहेब," उमाजीराव लॅपटॉपवर वाकले, बँकेत थकबाकीदारावर वाकत तसे. "तुम्ही म्हणता ते मरत नाहीत. बरोबर? मग एक जण जिंकला, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने उठायचं कशासाठी?"

"खरी गोष्ट आहे," दिग्विजयसिंह पंख्याला म्हणाले. "आमच्या दुकानात अर्धे लोक टायरसाठी नाही, हे खासगी बाजारवाले काय करून राहिलेत ते सांगायला येतात."

राजवर्धनने खुर्चीत मागे टेकून छताकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर हिशेब चाललेला स्पष्ट दिसत होता. "म्हणजे गेम संपणारच नाही," तो हळूच म्हणाला. "मतलब... लोग खेलते ही रहेंगे." मग सरळ बसला. "पक्की. सीमंतिनी, तू पक्की. आणि हे भांडण नीट सांभाळ. वही तेरा काम है अब."

पडदा काळा झाला. काकांनी आतून पेढ्यांचा डबा आणून तिच्या हातात दिला आणि स्वतः तत्परतेने दाराआड झाले. असल्या प्रसंगांची त्यांच्या घराण्याला सवय होती. सीमंतिनीने डब्यातून दोन पेढे उचलले. आधी कुणाला द्यायचा? तिने दोन्ही हात एकाच वेळी, अगदी सारख्या वेगाने, खोलीच्या दोन टोकांकडे लांबवले.

उमाजीरावांनी पेढा घेतला. तोंडाजवळ नेला. थांबले.

"बेटा," ते म्हणाले, "त्यांच्याकडे उजवा हात का गेला?"